वाहतूक, चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशातील

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील लोहमार्ग, राज्य परिवहन सेवा आणि त्यांना पूरक असे रस्ते, पूल व नदीपार जाण्याची साधने यांची व्यवस्था. हा सर्व प्रदेश पूर्वी चांदा (नंतरचे नाव चंद्रपूर) या एकाच जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन वैनगंगेच्या पूर्वेकडील बहुतेक भागाचा गडचिरोली जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,४४३ चौ. किमी. व लोकसंख्या २२,०४,३०७, तर गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. व लोकसंख्या १०,७२,९४२ होती. लोकसंख्येची घनता चंद्रपुरात दर चौ. किमी.स सु. १९३, तर गडचिरोलीत केवळ सु. ७४ आहे. गडचिरोलीचा सु. तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे.

विकसनशील देशांत वाहतुकीचे मार्ग कोणाच्या गरजेसाठी प्रथम आखले गेले, यावर त्यांचा पुढील उपयोग बव्हंशी ठरतो. चंद्रपूर–गडचिरोली हे याचे ठळक उदाहरण होय. येथील पश्चिम भागात दिल्ली–चेन्नई हा देशातील एक प्रमुख लोहमार्ग कोळसा व सिमेंट वाहून नेतो, तर पूर्वेकडील अनेक गावांत पहिली प्रवासी बस एकविसाव्या शतकात पोहोचली. या दोन अवस्थांमधील अंतर नकाशावर शंभर-दीडशे किमी.हून अधिक नाही.

भौगोलिक पार्श्वभूमी : वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या नद्यांनी हा प्रदेश वेढलेला व विभागलेला आहे. वर्धेच्या खोऱ्यात दगडी कोळसा व चुनखडक असून वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर व राजुरा या पट्ट्यात लोकवस्ती व उद्योग एकवटले आहेत. वैनगंगेचे खोरे भातशेतीचे आणि तलावांचे असून तो भाग झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. त्याच्या दक्षिणेस व पूर्वेस आलापल्ली, एटापल्ली, भामरागड व सिरोंचा हा दाट सागवानी व मिश्र वनांचा, तुरळक वस्तीचा डोंगराळ टापू आहे. तेथे गोंड, माडिया इ. आदिवासी जमातींची वस्ती आहे. पावसाळ्यात नद्यानाल्यांना पूर आले, की ठेंगणे पूल व रपटे पाण्याखाली जाऊन रस्ते खंडित होतात. पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क अनेकदा दिवसेंदिवस तुटत आला आहे.

जलमार्गाचा प्रयत्न : लोहमार्गापूर्वी या प्रदेशाला समुद्राशी जोडण्याची योजना नदीमार्गाची होती. हिंगणघाट परिसरातील कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी कल्पना सर आर्थर कॉटन या अभियंत्याने पुरस्कारिली. नदीपात्रातील दुम्मागुडेम, इंचमपल्ली व देवलमारी येथील तीन खडकाळ अडथळे बंधारे व कालवे यांच्या साहाय्याने ओलांडावयाचे होते. तथापि काम अतिशय खर्चाचे व संथ ठरले. दरम्यान ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वर्ध्यावरून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली आणि कापूस मुंबईकडे वळला. १८७१ मध्ये जलमार्गाची योजना सोडून देण्यात आली. सिरोंचा हे तेव्हाच्या अपर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते. तो जिल्हा १८७४ मध्ये मोडून सिरोंचा तालुका चांदा जिल्ह्यास जोडला गेला. एका नियोजित व्यापारी मार्गावरील हे ठिकाण अशा रीतीने जिल्ह्याचे सर्वांत दूरचे टोक बनले. कापसाचा मार्ग बदलल्यावर या टापूपर्यंत वाहतूक नेण्याचे दुसरे सबळ कारण शासनाला दीर्घकाळ सापडले नाही.

लोहमार्गांचा विकास : (१) वर्धा खोऱ्यातील रुंदमापी मार्ग : या प्रदेशातील पहिला लोहमार्ग कोळशासाठी बांधला गेला. वरोरा येथील सरकारी खाणीतील कोळसा मुख्य मार्गापर्यंत नेण्यासाठी १८७० नंतरच्या दशकात वर्धा–हिंगणघाट–वरोरा हा मार्ग घालण्यात आला. तो ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ या नावाने ओळखला जाई. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. तोवर बल्लारपूर येथे नवीन खाण सुरू झालेली असल्याने मार्ग पुढे चंद्रपूर व बल्लारशाहपर्यंत वाढविण्यात आला. दक्षिणेकडून निजामाच्या राज्यातील काझीपेठ–बल्लारशाह हा दुवा १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि दिल्ली व मद्रास (चेन्नई) ही शहरे प्रथमच थेट जोडली गेली. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस ही प्रसिद्ध गाडी त्याच सुमारास या मार्गाने धावू लागली. खाणीसाठी घातलेला फाटा अशा प्रकारे देशाचा महामार्ग झाला. बल्लारशाह हे पुढे मध्य व दक्षिण मध्य रेल्वे यांच्या सीमेवरील प्रस्थानक बनले.

(२) अरुंदमापी मार्ग : पूर्वेकडील भातपट्ट्यात बंगाल–नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी ७६२ मिमी. मापाचे मार्ग घातले. त्यांत गोंदिया–वडसा–नागभीड–चांदा फोर्ट व नागपूर–नागभीड हे मार्ग होते. अरुंदमापी मार्गाला कमी जमीन लागते, वळणे अधिक तीव्र ठेवता येतात व पूल हलके चालतात. त्यामुळे विरळ वस्तीच्या व कमी उत्पन्नाच्या प्रदेशात तो परवडतो. मात्र गाडीचा वेग व वाघिणीची क्षमता कमी राहते आणि दोन मापे जेथे मिळतात, तेथे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागतो. चंद्रपूर शहरात रुंदमापी मार्गावरील ‘चंद्रपूर’ व अरुंदमापी मार्गावरील ‘चांदा फोर्ट’ अशी दोन स्वतंत्र स्थानके होती. ती आजही असून पहिले मध्य रेल्वेच्या व दुसरे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या अखत्यारीत आहे.

असे असले, तरी उतारूंच्या दृष्टीने या छोट्या गाड्यांचे महत्त्व मोठे होते. त्या लहान लहान थांब्यांवर थांबत. त्यांतून बाजारकरी, विद्यार्थी, हंगामी मजूर व भाजीपाल्याच्या टोपल्या यांची वाहतूक स्वस्तात होई. गोंदिया–चांदा फोर्ट मार्गाचे रुंदमापी मार्गात रूपांतर १९९० नंतरच्या दशकात पूर्ण झाले व तो बल्लारशाहपर्यंत जोडला गेला. नागपूर–नागभीड हा सु. १०६ किमी. लांबीचा अरुंदमापी मार्ग रूपांतरासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आला. रूपांतराने मार्गाची क्षमता वाढते. परंतु कामाच्या काळात गाडी थांबते आणि त्या काळात लहान गावांतील उतारूंना अधिक भाडे देऊन रस्त्याने जावे लागते.

(३) औद्योगिक फाटे : वर्धा खोऱ्यातील मुख्य मार्गाला माजरी, ताडाळी, माणिकगढ इ. ठिकाणांहून खाणी व सिमेंट कारखाने यांच्याकडे जाणारे फाटे फुटतात. चंद्रपूरचे औष्णिक विद्युत् केंद्र १९८० नंतरच्या दशकात सुरू झाले असून त्याची क्षमता २,९२० मेगॅवॉट आहे. कोळशाची एक पूर्ण गाडी सु. ३,५०० ते ४,००० टन माल वाहून नेते. एवढा माल रस्त्याने न्यावयाचा, तर शेकडो मालमोटारी लागतील. अवजड माल, ठरावीक आरंभस्थान व ठरावीक गंतव्यस्थान या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे लोहमार्ग सर्वांत किफायतशीर ठरतो. वनप्रदेशातील माणसांच्या प्रवासात यांपैकी एकही गोष्ट आढळत नाही. त्यामुळे हिशेबाच्या कसोटीवर तो नेहमीच मागे पडतो.

गडचिरोली जिल्हा व लोहमार्ग : गडचिरोली जिल्ह्यात लोहमार्गाचा केवळ अल्प भाग येतो व वडसा (देसाईगंज) हे तेथील एकमेव स्थानक राहिले आहे. या स्थानकामुळे वडसा ही धान्य व वनोपज यांची बाजारपेठ आणि झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र म्हणून वाढली. सिरोंच्याच्या रहिवाशाला मात्र जवळचे रेल्वेस्थानक तेलंगणातील मंचिर्याल हे आहे. वडसा–गडचिरोली या सु. ५२ किमी. लांबीच्या नव्या मार्गास २०११-१२ मध्ये मंजुरी मिळाली. त्याचा निम्मा खर्च राज्य शासनाने उचलावयाचा आहे. भूसंपादन, वनजमिनीची परवानगी व वन्यप्राण्यांना वाट ठेवण्यासाठी करावी लागणारी बांधकामे यांमुळे कामास विलंब झाला व खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पटींनी वाढला. वनातील लोहमार्गाचा धोका काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोंदिया–बल्लारशाह मार्गावर चंद्रपूर जिल्ह्यात आगगाडीच्या धडकेने वाघाचे तीन बछडे मरण पावले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र शासनाने याच मार्गाच्या दुपदरीकरणास मंजुरी दिली. गाड्यांची संख्या वाढेल, तसे भुयारी वाटा, कुंपण व वेगमर्यादा यांचे महत्त्वही वाढेल.

राज्य परिवहन सेवा : लोहमार्ग नसलेल्या भागात सार्वजनिक वाहतुकीचा भार जवळजवळ पूर्णतः एस.टी.वर आहे. स्वातंत्र्यपूर्व मध्य प्रांतातील मोटार वाहतूक प्रांतिक वाहतूक सेवेकडे होती. राज्यपुनर्रचनेनंतर ती व मराठवाड्यातील सेवा एकत्र करून १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. चंद्रपूर व गडचिरोली हे महामंडळाचे स्वतंत्र विभाग असून गडचिरोली विभागात गडचिरोली, अहेरी व ब्रह्मपुरी ही आगारे येतात. अहेरी आगारावर जिल्ह्याच्या संपूर्ण दक्षिण भागाची मदार आहे.

ग्रामीण सेवेचा कणा म्हणजे ‘मुक्कामी गाडी’. ती सायंकाळी शेवटच्या गावी जाते, चालक-वाहक तेथेच रात्र काढतात आणि पहाटे गाडी तालुक्याकडे निघते. त्यामुळे गावकऱ्याला दवाखाना, कचेरी वा आठवडी बाजार आटोपून त्याच दिवशी घरी परतता येते. हीच गाडी उलट वेळेला, म्हणजे सकाळी तालुक्याहून गावी व सायंकाळी परत, अशी धावली, तर तालुक्यात कामासाठी जाणाऱ्याला तेथे मुक्काम करावा लागेल. यावरून वेळापत्रकाचे महत्त्व गाड्यांच्या संख्येइतकेच असल्याचे दिसते.

आगाराच्या हिशेबात भारमान, म्हणजे उपलब्ध आसनांपैकी भरलेल्या आसनांचे शेकडा प्रमाण, निर्णायक मानले जाते. विरळ वस्तीत ते कमी असणे अटळ आहे. शिवाय खराब रस्त्यांमुळे टायर व सुटे भाग लवकर झिजतात व इंधन अधिक लागते. त्यामुळे तोट्याच्या फेऱ्या बंद करण्याकडे कल होतो. फेरी अनियमित झाली, की उतारू काळी-पिवळी जीप वा दुचाकीकडे वळतात, भारमान आणखी घटते आणि फेरी बंद करण्यास नवे कारण मिळते. हे चक्र तोडण्यासाठी शासकीय साहाय्य आवश्यक असते. ग्रामीण विद्यार्थिनींना मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना १९९६ मध्ये सुरू झाली. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांत मुलींच्या शाळांसाठी खास गाड्या दिल्या गेल्या. मार्च २०२३ पासून स्त्रियांना भाड्यात ५० टक्के सवलत आहे. या सवलतींचा लाभ अर्थातच गाडी येत असलेल्या गावालाच मिळतो. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील कर्मचाऱ्यांच्या संपात राज्यभर सेवा विस्कळीत झाली. पर्यायी गाडी असलेल्या शहरांत तो गैरसोयीचा, तर अशा टापूत शाळा व उपचार यांपासून तुटण्याचा प्रश्न ठरला.

रस्ते, पूल व सुरक्षितता : सु. १९८० पासून या वनप्रदेशात नक्षलवादी चळवळ पसरली. रस्त्याने पोलीस येतात, म्हणून रस्त्याची कामे हे तिचे एक लक्ष्य बनले. यंत्रसामग्री जाळण्याच्या अनेक घटना घडल्या. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात अशाच एका जाळपोळीनंतर जांभुळखेडा येथे झालेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. रस्ता हा शासनाच्या दृष्टीने विकासाचा, बंडखोरांच्या दृष्टीने दमनाचा व अनेक ग्रामस्थांच्या दृष्टीने दोन्ही प्रकारच्या भीतीचा विषय झाला. परिस्थिती निवळल्यावर सेवा विस्तारू लागली. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी–गर्देवाडा बस सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये भामरागड तालुक्यातील मरकनार येथून अहेरीपर्यंत बस धावू लागली. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळाने आलेल्या या पहिल्या गाड्या होत. गोदावरीवर कालेश्वरमजवळ पूल झाल्याने सिरोंच्याचा तेलंगणाशी बारमाही संपर्क आला. तरीही अनेक पाड्यांवरून रुग्णाला खाटेवर वा डोंग्यातून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावे लागते.

खनिज व प्रवासी : एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे लोहखनिजाचे मोठे साठे असून तेथील उत्खनन २०२१ नंतर वाढले. अवजड मालमोटारींमुळे रस्त्यांची दुरवस्था व अपघात यांविषयी स्थानिक लोकांत असंतोष निर्माण झाला. खनिजामुळे नव्या लोहमार्गांचीही मागणी पुढे आली आहे. या संदर्भात अन्यत्रचे अनुभव उद्‌बोधक आहेत. शेजारच्या बस्तरमध्ये बैलाडिलाच्या लोहखनिजासाठी १९६० नंतरच्या दशकात बांधलेला कोत्तवलसा–किरंदुल मार्ग प्रामुख्याने मालवाहूच राहिला. आफ्रिकेतील मॉरिटेनियात १९६३ मध्ये सुरू झालेल्या सु. ७०० किमी.च्या खनिजमार्गावर गरीब उतारू खनिजाच्या उघड्या वाघिणींवर बसून वाळवंट ओलांडत आले आहेत. याउलट टांझानिया–झँबिया लोहमार्ग (१९७५) तांब्याबरोबरच उतारूंसाठीही आखला गेला आणि वाटेतील ग्रामीण भागाला त्याचा आधार मिळाला.

मूल्यमापन : खाणीसाठी घातलेला मार्ग आपोआप लोकांचा होत नाही, परंतु होऊ शकतो, हे वरोऱ्याच्या कोळसामार्गाने दाखविले आहे. त्याला अर्धशतक लागले आणि त्यामागे दोन महानगरे जोडण्याची राष्ट्रीय गरज होती. भामरागड वा एटापल्लीच्या बाबतीत अशी गरज संभवत नाही. त्यामुळे तेथील नव्या मार्गावर स्थानके कोठे असावीत, उतारूगाड्या किती असाव्यात, त्यांना जोडणारी बस कोणत्या वेळी सुटावी व वन्यप्राण्यांच्या वाटा कशा राखाव्यात, हे आखणीच्या वेळीच ठरविणे अगत्याचे आहे. लोहमार्ग झाला, तरी शेवटच्या वीस-पंचवीस किमी.चा प्रवास बसनेच व्हावयाचा आहे. म्हणून बारमाही पूल, नियमित मुक्कामी गाडी आणि तोट्याच्या फेऱ्यांसाठी निश्चित तरतूद या तीन गोष्टींवरच या वनप्रदेशातील सामान्य माणसाची वाहतूक यापुढेही अवलंबून राहील.