शेण जातं कुठे?

विघटन शिकवताना आपण जिवाणू सांगतो, बुरशी सांगतो आणि पुढे सरकतो. यावेळी मुलांना एक प्रश्न विचारून बघा. माळावर चरणारी एक गाय दिवसाला साधारण दहा-बारा वेळा शेण टाकते. वर्षानुवर्षं तिथे गुरं चरतात, तरी माळ शेणाने झाकून का जात नाही? थोडं शेण आपण गोवऱ्यांसाठी वेचून आणतो हे खरं, पण उरलेलं जातं कुठे?

त्यातलं बरंचसं शेणकिडा नेतो. (तुमच्या भागात याला काय म्हणतात ते मुलांकडूनच काढून घ्या, निरनिराळी नावं मिळतील.) किडा म्हटलं की मुलांना अळी वाटते, म्हणून आधीच सांगावं की हा कडक पंखांचा भुंगेरा आहे. ताजं शेण हेच त्याचं अन्न. तो ते जमिनीत पुरतो, त्यात अंडी घालतो आणि अळ्या तेच खाऊन मोठ्या होतात. आपोआप खत जमिनीत जातं आणि बिळांमुळे पाणीही मुरतं.

हा किडा नसला तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियाने भोगलं आहे. तिथे गाई-बैल मुळात नव्हतेच. 1788 मध्ये इंग्रजांच्या जहाजांतून ते पहिल्यांदा आले. तिथे शेणकिड्यांच्या शेकडो जाती होत्या, पण त्या कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या, लेंडीसारख्या विष्ठेवर वाढलेल्या. गाईचा ओला, पसरट पो बहुतेकांच्या कामाचा नव्हता. मग शेण महिनोन् महिने कुरणात पडून वाळायचं, त्याखालचं गवत मरायचं, कडेने उगवलेलं गवत गुरं तोंडात घ्यायची नाहीत. वर त्या शेणात माश्या वाढायच्या. तोंडासमोर सतत हात हलवून माश्या हाकलण्याला तिथे गमतीने ‘ऑस्ट्रेलियन सलाम’च म्हणतात!

हंगेरीहून तिथे आलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिस्सा यांच्या हे लक्षात आलं. त्यांच्या मायदेशी कुरणं अशी शेणाने भरलेली नसायची. त्यांच्या पुढाकाराने सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने 1965 मध्ये प्रकल्प सुरू केला. गुरांच्या शेणावर जगणारे किडे आफ्रिका आणि युरोपातून आणायचे ठरलं. पण किड्यांबरोबर लाळ्या-खुरकूत आली तर? म्हणून किडे नाही, त्यांची अंडी आणली. ती फॉर्मॅलिनने धुऊन निर्जंतुक करायची आणि तिथे हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत एकेक ठेवायची. केवढं चिकाटीचं काम! सुमारे वीस वर्षांत 43 जाती आणल्या, त्यातल्या 23 तिथे रुजल्या. बाकीच्या नाही, कारण प्रत्येक जातीला हवी ती माती, हवा तो पाऊस लागतो.

मला वर्गात हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ‘शेणकिडा’ म्हणजे एकच एक प्राणी नव्हे. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ भागात हत्तीच्या दीड किलो शेणावर सोळा हजार किडे आले आणि दोन तासांत ते संपलं, अशी नोंद आहे. एवढी झुंबड असली की आपला वाटा घेऊन पळावंच लागतं, म्हणून काही जाती गोळा करून तो मागच्या पायांनी ढकलत नेतात. रात्री सरळ रेषेत पळायला दक्षिण आफ्रिकेतली एक जात आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेते, हे संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं. नामिबच्या वाळवंटात ओलं शेण कुठून मिळणार? तिथले किडे सुक्या लेंड्या ओढत नेतात आणि खालच्या दमट वाळूत पुरतात, म्हणजे त्या मऊ होतात. आणि घनदाट जंगलात तर फळं खाणाऱ्या माकडांच्या विष्ठेतल्या बियाही शेणाबरोबर पुरल्या जातात. उंदरांपासून त्या वाचतात. फार खोल गेल्या नाहीत तर रुजतात.

आता आपल्या गोठ्याकडे येऊ. गुरांना जंतांसाठी दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन हे औषध काही प्रमाणात शेणातून बाहेर पडतं आणि त्यात वाढणाऱ्या अळ्या मारतं. औषध देऊच नका असं मी म्हणत नाही, जंतांनी गुरू खंगतं. पण पशुवैद्यांना विचारून, गरज असेल तेव्हाच द्यावं.

पावसाळ्यात एक सोपा उपक्रम करता येईल. ताज्या शेणाचे सारख्या आकाराचे दोन पो माळावर ठेवा. एकावर बारीक जाळी टाकून कडा मातीने नीट दाबा, दुसरा उघडा. रोज एकाच वेळी बघायचं: भोकं किती पडली, बाजूला ताजी माती निघाली का, शेण किती उरलं. आठ दिवसांनी काडीने दोन्ही उलटून खालची माती तपासायची. हातमोजे घालायचे, नंतर साबणाने हात धुवायचे. आणि शेण आणताना त्या गुराला नुकतंच जंताचं औषध दिलंय का, तेही मालकाला विचारून वहीत लिहायला सांगा.