पॉइंट ४८७५चा बत्रा टॉप कसा झाला?

कुर्डुवाडीच्या सपाट माळावरून ४,८७५ मीटर उंचीचा अंदाज येणं कठीणच. कळसूबाईच्या जवळपास तिप्पट म्हटलं, की थोडा येतो!

लष्करी नकाशावर बिननावाच्या शिखराला उंचीचा आकडाच चिकटतो. मुश्कोह खोऱ्यातल्या या शिखरावरून श्रीनगर-लेह रस्त्याचा मोठा पट्टा शत्रूला दिसत होता, म्हणून कारगिल युद्धात, १९९९च्या जुलैत, १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे जवान तो कडा चढले. ४ जुलैच्या चढाईत रायफलमन संजय कुमार यांनी परमवीरचक्र मिळवलं. ७ जुलैला अरुंद धारेवरच्या झुंजीत कॅप्टन विक्रम बत्रा धारातीर्थी पडले. वय अवघं २४. त्यांनाही परमवीरचक्र, मरणोत्तर.

एकाच शिखरावर दोन!

आज ते ‘बत्रा टॉप’. बत्रांनी आधी जिंकलेल्या पॉइंट ५१४०ला मात्र २०२२मध्ये तोफखान्याच्या सन्मानार्थ ‘गन हिल’ नाव मिळालं.