टाचेमागची कंडरा शिवल्यावर

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी अकिलीस कंडरा शिवल्यानंतर पहिले सुमारे 2 आठवडे पाऊल, चवडा खाली झुकवून, प्लास्टरमध्ये ठेवतात. मग टाचेखाली पाचरी असलेला बूट येतो. त्या एकेक काढत 6 ते 8 आठवड्यांत पाऊल सपाट टेकते. तोवर पोटरी चांगलीच रोडावलेली असते. पाऊल पुढे रेटण्याचा जोर तीच देते, म्हणून लंगडणे लगेच जात नाही. उपाय एकच, टाच उचलण्याचा व्यायाम: आधी भिंतीला धरून दोन्ही पायांवर, मग हळूहळू एकट्या दुखऱ्या पायावर. हे जमल्याशिवाय धावण्याचे नाव काढू नये. त्याला 4 ते 6 महिने लागतातच.

घाईने ताणल्यास कंडरा लांबते आणि ती कमजोरी सहसा भरून निघत नाही. त्यामुळे पहिले 3 महिने उकिडवे बसणे टाळावे, कमोड वापरावा. परळीत वैजनाथाच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी. अशा वेळी चोळत न बसता अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तातडीने गाठावे.