खोक्याएवढा कारभारी

सर्व्हर हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे काचेची मोठी इमारत, थंडगार दालने आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची कपाटेच्या कपाटे उभी राहतात. बँकेत आपले काम अडते तेव्हा खिडकीपलीकडून ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच कानी येते. जणू तो कोणी बडा साहेब असून रजेवर गेला आहे! वास्तविक सर्व्हर म्हणजे सेवक. जो मागेल त्याला मागेल ते हजर करणारा, आणि अपरात्री दार ठोठावले तरी ओ देणारा संगणक. तो आकाराने मोठाच असला पाहिजे असा मुळीच नियम नाही.

जगातला पहिला वेब सर्व्हरच पाहा ना. १९९० साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर नेक्स्ट कंपनीचा फूटभर लांबीरुंदीचा एक काळा ठोकळा होता. तोच तो. त्यावर त्यांनी लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी डकवली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. आपल्याकडे पाण्याच्या पंपाच्या बटणाखाली सोसायटीचे सेक्रेटरी लावतात, अगदी त्याच जातीची!

आणि आपल्या मुंबईचे काय? टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. सुमारे २७०० निर्वात नळ्यांचा तो अजस्र प्रपंच. पण त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम दहा किलोबाइट. वाचकहो, देवनागरीतला हा लेखसुद्धा तीत मावला नसता.

माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटावर जे यंत्र बसले आहे ते अठरा सेंटिमीटर चौरस आणि साडेतीन सेंटिमीटर जाड आहे. अर्धा किलो पेढ्यांचे खोके तेवढेच असते. थिंकसेंटर टायनी या नावाने ओळखली जाणारी ही जात. डेल आणि एचपी यांचीही अशी भावंडे आहेत. कचेऱ्यांतून ही यंत्रे मॉनिटरच्या पाठीला टांगलेली असतात. तीन-पाच वर्षे झाली की कचेरी ती एकगठ्ठा काढून टाकते आणि ती लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा तर जुन्या प्रोसेसरची पुष्कळ यंत्रे अशीच निकाली निघाली. यंत्र ठणठणीत, केवळ निवृत्तीचे वय झाले! मी स्वतः निवृत्त असल्यामुळे मला त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटतो. माझे यंत्र २०१८ च्या सुमाराच्या सहा गाभ्यांच्या इंटेल प्रोसेसरचे. आठ जीबी स्मृतीसह अकरा हजारांना पडले. दोन टेराबाइटची डिस्क निराळी घेतली.

कोणी विचारील, मग रास्पबेरी पाय का नको? केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ साली पस्तीस डॉलरला विकायला काढलेला तो पत्त्याच्या पानाएवढा संगणक शिकायला फार उत्तम. पण तो बहुधा मेमरी कार्डावर चालवतात, आणि रात्रंदिवस लिहून लिहून ते कार्ड झिजते. घरातले फोटो झिजणाऱ्या पाटीवर कोणी ठेवू नयेत, असे माझे मत आहे.

सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न विजेच्या बिलाचा होता, आणि तो रास्तच होता. चोवीस तास चालणारे यंत्र म्हणजे घरात पाळलेला हत्ती, अशी समजूत असते. प्लगला लावायचा मीटर आणून मोजले तेव्हा निवांत असताना हे यंत्र दहा वॉटच्या आतबाहेर घेते असे दिसले. एलईडी दिवा तेवढाच खातो. दहा वॉट, चोवीस तास, तीस दिवस : सव्वासात युनिट. जुना मोठा डेस्कटॉप साठ वॉट घेत बसला असता तर त्रेचाळीस युनिट झाले असते. दर आपापल्या बिलावरून पाहून गुणाकार करावा. आवाज म्हणाल तर पंखा लावलेल्या खोलीत ऐकू येत नाही.

मॉनिटर आणि कीबोर्ड फक्त पहिल्या दिवशी लागले. डेबियन ही लिनक्सची फुकट मिळणारी प्रणाली त्यावर चढवली, राऊटरला तार जोडली, आणि त्यानंतरचे सारे काम लॅपटॉपवरून. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. यंत्राच्या बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हावे’ अशी सोय असते. ती पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. आमच्या डोंबिवलीत तिचे महत्त्व निराळे सांगायला नको! शिवाय यंत्राला आणि राऊटरला मिळून एक लहानसा यूपीएस जोडला आहे.

त्यावर इमिच नावाचा कार्यक्रम चालतो. घरातल्या चारही फोनांतले फोटो तो गुपचूप उतरवून घेतो, तारीखवार लावतो आणि चेहरे ओळखून माणसांचे गठ्ठे करतो. आणि हे सगळे घरातल्या घरात, फोटो बाहेर न जाता. गंमत अशी की दिवंगत काका आणि मी यांना तो एकच व्यक्ती समजतो. हा आमच्या घराण्याच्या नाकाचा प्रताप. ती चूक दुरुस्त करता येते, पण सौभाग्यवतींनी करू दिली नाही.

आता आमची मुलगी असते म्युनिकला. तिला हे फोटो दिसावेत कसे? येथे एक अडचण आहे. आपल्याकडच्या पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. चाळीला नंबर आहे, खोलीला नाही! पोस्टमन दरवाजापर्यंत येतो आणि परत जातो. त्यावर युक्ती अशी की खोलीतल्या माणसानेच बाहेर जाऊन निरोप्याची गाठ घ्यायची. वायरगार्ड या गुप्त बोगद्याच्या तंत्रावर चालणाऱ्या टेलस्केलसारख्या सेवा हेच करतात. राऊटरला भोक पाडून यंत्र साऱ्या जगापुढे उघडे ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

पण हा सारा खटाटोप मी फोटोंसाठी मांडलेला नाही. फोटो निमित्त होते. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली, पैसे भरले की तीही मिळतेच. माझ्याजवळ होत्या आईच्या आवाजातल्या चौदा कॅसेट. ती २००९ मध्ये गेली. जात्यावरच्या ओव्या, तिच्या माहेरच्या, तिच्या आजीकडून आलेल्या. मध्येच ‘अरे, चालू आहे ना ते?’ म्हणून विचारणारी आई. कुठल्याही दुकानात ही चीज पुन्हा मिळायची नव्हती, आणि दोन कॅसेटींची फीत चिकटू लागली होती.

नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वदच मिनिटे लागतात. तेथे घाई चालत नाही. मूळ प्रतीचे एका कॅसेटचे सुमारे नऊशे मेगाबाइट होतात, फ्लॅक पद्धतीने आवाजाला धक्का न लावता ते निम्म्याजवळ येतात. चौदांच्या चौदा उतरल्या. दोन चिकटलेल्यांपैकी एकीची शेवटची अकरा मिनिटे नुसती खरखर आहे.

आमच्या शेजारच्या गृहस्थांचे एका कंपनीकडचे खाते एक दिवस काहीही कारण न सांगता बंद झाले. नातवाच्या बारशापासूनचे सारे त्यात होते. परंतु म्हणून घरचे यंत्र अमर आहे असे समजू नये. डिस्क एका सेकंदात मरते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, असा दंडक छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला आहे. आमच्याकडे रोज रात्री दोन वाजता दुसऱ्या डिस्कवर प्रत निघते, आणि तिसरी, कुलूपबंद स्वरूपात, नाशिकला धाकट्या बहिणीकडच्या तशाच एका खोक्यात जाते. ओव्यांवर तिचाही तेवढाच हक्क आहे.

हे सगळे जमून आल्यावर एका संध्याकाळी सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, एक विचारू? तुम्हांला काही झालं तर हे कोण उघडणार?”

मी म्हटले, “मुलगी आहे की!”

“ती म्युनिकला. लाइट जाऊन आले नाहीत तर मी काय करू? आईंचा आवाज तुमच्या पासवर्डात अडकून राहायचा.”

संगणकशास्त्रातल्या एकाही पुस्तकाने मला हा प्रश्न इतक्या स्वच्छ शब्दांत विचारला नव्हता. मग दोनशे पानी वही घेतली आणि मराठीत लिहून काढले : यंत्र कोठे आहे, दिवा कोणता लागायला हवा, बंद कसे करायचे, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला कशी जोडायची. ओव्यांची एक प्रत मुद्दाम बिनकुलपाच्या साध्या पेन ड्राइव्हवर ठेवली. पासवर्ड बंद पाकिटात, विम्याच्या कागदांच्या फायलीत.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसलो आणि आतून हाक आली तरी जायचे नाही असे ठरले. त्यांनी वही उघडून यंत्र बंद केले, पुन्हा चालू केले. चौथ्या पायरीवर बराच वेळ शांतता होती. पाऊण तासाने आतून आईचा आवाज ऐकू आला. नंतर वही पाहिली तर चौथी पायरी खोडून त्यांनी आपल्या अक्षरात ती नव्याने लिहिली होती, आणि पुढे कंसात : हिरवा दिवा नव्हे, पांढरा.