पाणवठ्यावरचा शेवटचा कळप

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, रॉयल या छोट्याशा गावाजवळच्या माळावर एक भलीमोठी शेड आहे. आत गेलं की पायाशी अख्खे सांगाडे दिसतात. आखूड पायांच्या, बोजड अंगाच्या गेंड्यांचा हा कळप सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी जिथे कोसळला, तिथेच अजून पडून आहे. या जागेचं नाव ॲशफॉल फॉसिल बेड्स.

१९७१ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ मायकेल व्हूरहीस यांना इथल्या एका घळीत गेंड्याच्या पिल्लाची कवटी दिसली. पुढच्या उत्खननात गेंड्यांबरोबर घोडे, उंट, कासवं आणि पक्षीही निघाले. १९९१ पासून ही जागा सर्वांसाठी खुली आहे.

या प्राण्यांचा काळ ठरलेला ज्वालामुखी इथून हजार किलोमीटरहून दूर, आजच्या आयडाहोत होता. त्याची राख वाऱ्याबरोबर इथवर आली. ज्वालामुखीची राख म्हणजे मांज्याला लावतात तशी काचेची पूड. चरताना ती गवताबरोबर तोंडात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जात राहिली. फुप्फुसं निकामी होत गेली की हाडांवर खडबडीत, सच्छिद्र वाढ होते. इथल्या अनेक हाडांवर ती आहे. म्हणजे हे प्राणी एका क्षणात गाडले गेले नाहीत. आजारी होऊन, तहानेने व्याकूळ होऊन पाणवठ्यावर आले आणि तिथेच मेले.

मरणाचा क्रमही थरांत स्पष्ट दिसतो. तळाशी कासवं आणि पक्षी, त्यांच्यावर घोडे आणि उंट, सगळ्यांत वर गेंडे. लहान जीव आधी गेले, मोठे जास्त दिवस तगले. वाऱ्याने लोटलेल्या राखेने पाणवठा भरून टाकला, म्हणून सांगाडे विस्कटले नाहीत. काही गेंड्यांच्या घशाशी गवताचं बीसुद्धा टिकलं आहे, तर काही माद्यांच्या पोटात न जन्मलेली पिल्लं आहेत.

संग्रहालयात नेलेल्या सांगाड्यावरून प्राणी कळतो. त्याच्यावर काय ओढवलं हे कळायला मात्र तो कोणाच्या शेजारी, कोणत्या थरात पडला होता हे पाहावं लागतं. म्हणूनच इथे आता राख हलक्या हाताने झाडून हाडं जागच्या जागी ठेवतात. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरी इथेही ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि तिथे अश्मयुगीन हत्यारं मिळाली आहेत. अशा जागी एखादा दगड उचलून खिशात टाकला, तर त्याचा काळ सांगणारा पुरावाच आपण मोडतो. तो जिथे आहे तिथेच राहू देणं, हे प्रत्येक पाहुण्याचं कर्तव्य आहे.