कागद नाही म्हणजे माणूस परका?

विरार पूर्वेला, पापडखिंड धरणाजवळ फुलपाडा आहे. तिथल्या बैठ्या चाळींत परगावाहून आलेले गवंडी, बिगारी, घरकाम करणाऱ्या बायका भाड्याने राहतात. सरकारी अर्ज मात्र विचारतो: घर क्रमांक, इमारत, रस्ता. खोलीला पाटी नाही, भाडं तोंडी ठरलेलं. रकाना रिकामा राहिला की अर्ज परत येतो. अर्ज आखणाऱ्याने पक्क्या पत्त्याचा माणूस गृहीत धरलेला असतो. बाकीचे ‘विनाकागद’ ठरतात.

गैरसमज : कागद नाहीत, म्हणजे घुसखोर.
वस्तुस्थिती : नागरिकत्व १९५५ च्या कायद्याने ठरतं, खिशातल्या कार्डाने नाही. आधार तर रहिवाशाला मिळतं. अट वर्षभरात १८२ दिवस वास्तव्याची. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं २०१६ च्या आधार कायद्याचं कलम ९ सांगतं. म्हणजे कार्ड असल्याने कुणी भारतीय होत नाही आणि नसल्याने परदेशीही ठरत नाही.

गैरसमज : भाडेकरार नोंदवणं भाडेकरूचं काम.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

गैरसमज : अंगठा उठला नाही, म्हणजे कार्ड खोटं.
वस्तुस्थिती : रेशन दुकानातलं मशीन बोटाच्या रेषा वाचतं. सिमेंट कालवून, विटा उचलून त्याच रेषा झिजतात. गवंडी बोट पुसतो, पुन्हा टेकवतो, मशीन पुन्हा नकार देतं. दोष यंत्राच्या आखणीत आहे. बुबुळं किंवा मोबाइलवरचा ओटीपी हे पर्याय त्यासाठीच आहेत.

गैरसमज : गावचं रेशनकार्ड इथे चालत नाही.
वस्तुस्थिती : ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत महाराष्ट्र जानेवारी २०२० पासून आहे. अन्नसुरक्षा योजनेतलं, आधार जोडलेलं कार्ड असेल, तर धान्य इथेही मिळतं.

गैरसमज : जन्मदाखला नाही, तर शाळा नाही.
वस्तुस्थिती : शिक्षण हक्क कायदा, २००९ म्हणतो, वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही.

नोंदणीकृत भाडेकरार आधारवरच्या पत्त्यासाठी चालतो. तुमची खोली भाड्याने दिली असेल, तर आधी तो करार नोंदवा. भाडेकरूचा रिकामा रकाना तिथेच भरतो.