गव्हर्नरीणबाईंना पगार किती?

अमेरिकेत मुलांकडे राहून आलेली मंडळी ठासून सांगतात, तिकडे गव्हर्नरची बायको म्हणजे सरकारी हुद्दाच. पगार, ऑफिस, सगळं मिळतं. किती वेळा खोडून काढायचं? पगार नाही. निवडणूक नाही, शपथ नाही, एका कागदावर सही करायचा अधिकार नाही. काही राज्यांत हाताशी एखाद-दुसरा कर्मचारी देतात, तोही गव्हर्नरच्या कार्यालयातला. आणि हा गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो; निवडून येतो, राज्य चालवतो. गोंधळाचं मूळ इथेच आहे. राज्य चालवणाऱ्याच्या घरचं माणूस कानाशी असतं.

ओरेगनचं उदाहरण घ्या. गव्हर्नर जॉन किट्झहाबर यांच्या वाग्दत्त वधू सिल्व्हिया हेझ ऊर्जा-पर्यावरणाच्या धोरणांवर त्यांना बिनपगारी सल्ला देत आणि त्याच विषयांतल्या संस्थांकडून फीही घेत. प्रकरण इतकं चिघळलं, की चौथी कारकीर्द सुरू होऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच, फेब्रुवारी २०१५ मध्ये किट्झहाबर यांना खुर्ची सोडावी लागली. गव्हर्नरचा जोडीदार सरकारी माणूस धरायचा की नाही, यावरच काथ्याकूट झाला. विश्वास नसेल त्यांनी ओरेगनच्या कायद्याचं प्रकरण २४४ उघडावं: ‘सार्वजनिक अधिकारी’च्या व्याख्येत आता हा जोडीदार पहिल्याच झटक्यात येतो, मग लग्न झालेलं असो वा नसो. हेझना २०२० मध्ये ४४ हजार डॉलर दंड झाला.

तरीही २०२४ मध्ये तिथेच पुन्हा वाद. गव्हर्नर टीना कोटेक यांच्या पत्नी सरकारी बैठकांना बसू लागल्या, त्याच सुमारास तीन वरिष्ठ सहकारी बाहेर पडले आणि जोडीदारासाठी वेगळं कार्यालय काढायचा बेत मे महिन्यात गुंडाळावा लागला.

‘राहायला बंगला मिळतोच’: मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंडमध्ये सरकारी निवासस्थानच नाही. ‘जोडीदार म्हणजे बाईच’: कोलोराडोचे जेरेड पोलिस यांचे पती मार्लन रीस आहेत.

‘गव्हर्नर गेला की गादी घरातच राहते’ हे तर कमालच. अलाबामात लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं, म्हणून जॉर्ज वॉलेस यांनी १९६६ मध्ये पत्नी लर्लीन यांना निवडून आणलं. मे १९६८ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. खुर्ची मिळाली लेफ्टनंट गव्हर्नर अल्बर्ट ब्रूअर यांना. जॉर्जना ती परत मिळवायला १९७० ची निवडणूक लढवावी लागली.